वाँटेज ते पंचहौद : एका धर्मग्रामाच्या सेवाकार्याची कथा

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनचे नाव मराठी वाचकाला बहुधा चहामुळे ठाऊक असते. १८९० साली मिशनच्या आवारात झालेल्या एका कार्यक्रमात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले आदी मंडळींपुढे चहा आला, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर करविली आणि 'ग्रामण्या'चे वादळ उठले. चौकश्या झाल्या, प्रायश्चित्ते झाली. पुढे कादंबऱ्यांतून, नाटकांतून आणि व्याख्यानांतून तो चहा अजरामर झाला. मात्र तो चहा देणारे लोक पुण्यात आले कोठून, त्यांना कोणी पाठविले आणि ते येथे काय करीत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

त्याचे उत्तर ऑक्सफर्डच्या आसपासच्या दोन धर्मग्रामांत सापडते. एक ऑक्सफर्डला लागून असलेले काउली आणि दुसरे तेथून काही मैलांवरचे वाँटेज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या दोन ठिकाणच्या धर्मगुरूंनी आपल्या परिसरातील कामासाठी एकेक संघ उभारला आणि पाहता पाहता दोन्ही संघांची वाट पुण्यापर्यंत पोचली. त्यांतील वाँटेजची कथा महाराष्ट्राशी अधिक खोलवर जोडलेली आहे. एखादे चर्च आपल्या वेशीतील गरिबांसाठी आणि समुद्रापलीकडच्या अपरिचितांसाठी काम करते म्हणजे नेमके काय करते, त्याची रीत कोणती आणि त्यातला पेच कोणता, हे तिच्यातून स्वच्छ दिसते.

धर्मग्राम म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, हा केवळ उपासनेचा परिसर नव्हता. शतकानुशतके तो प्रशासनाचाही सर्वात लहान घटक होता. १६०१ च्या दरिद्री कायद्याने निराधारांच्या पोषणाची जबाबदारी त्या त्या धर्मग्रामावर टाकली. गावातील मालमत्ताधारकांकडून कर गोळा करावा आणि वृद्ध, अपंग, अनाथ यांना त्यातून साहाय्य द्यावे, अशी ती व्यवस्था होती. गरीब माणूस कोणत्या धर्मग्रामाचा, यावरून गावोगावी तंटे होत. कारण ज्याचा माणूस, त्याच्यावर खर्च.

१८३४ च्या नव्या कायद्याने हे चित्र बदलले. अनेक धर्मग्रामे एकत्र करून त्यांचे संघ बनविण्यात आले आणि मदत हवी असेल तर गरिबाने श्रमगृहात भरती व्हावे, असे धोरण आले. श्रमगृहातील जिणे मुद्दाम कठोर ठेवलेले असे, जेणेकरून अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी तेथे जाऊ नये. गरिबी हा जणू अपराध ठरला. कायद्याच्या या कोरडेपणातून जी पोकळी निर्माण झाली, ती भरून काढण्याचे काम अनेक ठिकाणी चर्चने स्वेच्छेने हाती घेतले. शाळा, आजाऱ्यांची विचारपूस, अनाथांचा सांभाळ, रस्त्यावर आलेल्या स्त्रियांना आसरा अशा कामांचा व्याप वाढत गेला आणि एकटा धर्मगुरू त्याला अपुरा पडू लागला. पूर्ण वेळ देणारी, वेतनाची अपेक्षा न करणारी माणसे हवी होती.

बाजारपेठेचे गाव आणि भगिनीसंघ

वाँटेज हे त्या काळचे एक साधे बाजारपेठेचे गाव. राजा आल्फ्रेडचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे. गावाच्या चौकात त्याचा पुतळा उभा आहे. संत पीटर आणि संत पॉल यांच्या नावाचे तेराव्या शतकातील चर्च हे या धर्मग्रामाचे केंद्र. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम जॉन बटलर येथे व्हिकार म्हणून आले आणि तीन दशकांहून अधिक काळ राहिले. ऑक्सफर्डमधून १८३३ च्या सुमारास सुरू झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीचा त्यांच्यावर प्रभाव होता. चर्चने जुन्या परंपरेतील उपासना, व्रतस्थ जीवन आणि सेवा यांकडे पुन्हा वळावे, असा त्या चळवळीचा आग्रह होता.

आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात मठ बंद केल्यापासून इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चमध्ये व्रतस्थ स्त्रियांचे संघ उरले नव्हते. तीनशे वर्षांनंतर, १८४५ साली, लंडनमध्ये पहिला अँग्लिकन भगिनीसंघ निघाला. पाठोपाठ १८४८ साली बटलर यांनी वाँटेजमध्ये 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना शिक्षणाची होती. गावोगावच्या शाळांना चांगल्या शिक्षिका मिळाव्यात, शेतमजुरांच्या मुली लिहू-वाचू लागाव्यात, हा त्यांचा हेतू.

प्रत्यक्षात काम निराळ्याच दिशेने गेले. संघाच्या पहिल्या प्रमुख एलिझाबेथ लॉकहार्ट यांचा ओढा समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांच्या पुनर्वसनाकडे होता आणि १८५० पासून वाँटेजमध्ये अशा स्त्रियांसाठी आश्रयगृह सुरू झाले. त्याच वर्षी लॉकहार्ट रोमन कॅथलिक पंथात गेल्या. संघ कोसळेल की काय अशी स्थिती आली. पण हॅरिएट डे यांच्या नेतृत्वाखाली तो सावरला. बटलर यांनी आश्रयगृह बंद केले नाही आणि शाळांचाही हेका सोडला नाही. दोन्ही कामे चालू राहिली, वाढली, इतर गावांत व लंडनमध्ये त्यांच्या शाखा निघाल्या. संस्थापकाच्या आराखड्याबाहेर काम जाते, तेव्हा ते आवरायचे की जोपासायचे, हा सेवाकार्यातील पहिला पेच. वाँटेजने तो आरंभीच अनुभवला होता.

पुण्याची वाट

बटलर यांची दृष्टी गावापुरती नव्हती. १८६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या बिशपपदासाठी त्यांची निवड झाली होती. ते पद त्यांनी स्वीकारले नाही. परंतु त्यांच्या संघाला मात्र समुद्र ओलांडण्याचा योग आला. काउलीचे व्हिकार रिचर्ड मो बेन्सन यांनी १८६६ साली स्थापन केलेल्या पुरुषांच्या संघाचे सदस्य, ज्यांना 'काउली फादर' म्हणत, १८७४ साली मुंबईत आले होते आणि पुण्यातही काम करू लागले होते. मुली व स्त्रिया यांच्यासाठी काम करावयाचे तर स्त्रियाच हव्यात, हे उघड होते. त्या काळच्या महाराष्ट्रात परपुरुषाला घराच्या माजघरात प्रवेश नव्हता. १८७७ साली वाँटेजच्या सिस्टर पुण्यात दाखल झाल्या. योगायोग असा, की त्याच वर्षी वाँटेजच्या चौकात आल्फ्रेडच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

पुण्यात त्यांच्या कामाचे दोन भाग पडले. १८६६ साली सुरू झालेल्या सेंट मेरीज शाळेची धुरा त्यांच्याकडे आली. तेथे प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन मुली शिकत. दुसरे काम पंचहौद परिसरात, स्थानिक मुली आणि अनाथ मुले यांच्यात. १८८५ साली तेथे 'पवित्र नाम' देवालय उभे राहिले. त्याचा उंच घंटाघराचा मनोरा गुरुवार पेठेच्या दाटीतून आजही उठून दिसतो.

दूरदेशीच्या अशा कामाचे अर्थकारण साधे पण चिवट असे. बड्या मिशन संस्था होत्याच. त्यांपैकी एक १७०१ साली, तर दुसरी १७९९ साली स्थापन झालेली होती. परंतु पैशाचा मूळ झरा धर्मग्रामातच असे. रविवारच्या उपासनेनंतरची वर्गणी, घरोघरी ठेवलेल्या मिशनच्या पेट्या, स्त्रियांनी एकत्र बसून शिवलेल्या कपड्यांची विक्री यांतून ही रक्कम जमे. देणाऱ्याला आपला पैसा कोठे गेला हे कळावे म्हणून मिशनऱ्यांची पत्रे छापली जात, सभांतून वाचली जात. गावातील माणसाला पुण्यातील अनाथ मुलीची हकीकत ठाऊक होई, ती अशा पत्रांतून.

या व्यवस्थेचे बळ आणि दुबळेपण दोन्ही येथेच आहे. पत्र मिशनरी लिहितो, पैसा देणारा वाचतो. ज्याच्याविषयी लिहिले जाते, त्याचा आवाज त्यात क्वचितच असतो. त्याची दुर्दशा जितकी ठळक, तितकी वर्गणी अधिक. देणगीदारांच्या नजरेत एक संपूर्ण समाज केवळ करुणेचा विषय होऊन बसतो. हा धोका कोण्या एका चर्चचा नव्हे. दूरवरून चालणाऱ्या प्रत्येक परोपकाराचा आहे. वाँटेजच्या बाबतीत मात्र एक असामान्य गोष्ट घडली. ज्या समाजासाठी काम करावयाचे, त्यातीलच एक तेजस्वी स्त्री थेट वाँटेजच्या दारात येऊन उभी राहिली, आणि ती मुकी नव्हती.

पंडिता वाँटेजमध्ये

रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या विधवा होत्या. कडेवर मनोरमा, मुखात संस्कृत विद्या आणि पाठीशी कोणी नाही. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. याच काळात पुण्यातील मिशनशी त्यांचा परिचय झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जावे हा त्यांचा मनसुबा होता. १८८३ साली त्या मनोरमा आणि आनंदीबाई भगत यांच्यासह निघाल्या. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचा पैसा प्रवासखर्चाला आला. वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांची राहण्याची सोय केली आणि त्याच्या बदल्यात, भारतात जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवावे असे ठरले. हा करार महत्त्वाचा आहे. त्या आश्रित म्हणून गेल्या नव्हत्या. शिक्षिका म्हणून गेल्या होत्या.

वाँटेजमधील दिवस सोपे नव्हते. आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. त्या आघातानंतर, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई व मनोरमा यांचा वाँटेजच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात त्याचे तीव्र पडसाद उमटले. कमी ऐकू येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला आणि १८८४ पासून त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या व स्वतः शिकूही लागल्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला.

रमाबाईंना सर्वाधिक स्पर्शून गेले ते भगिनीसंघाचे लंडनमधील काम. फुलहम येथे सिस्टरांच्या आश्रयाला राहून गेलेल्या स्त्रियांना त्या भेटल्या. समाजाने ज्यांना टाकले, त्यांना कोणी प्रेमाने उभे करू शकते आणि त्या पुढे इतरांना आधार देऊ शकतात, हे त्यांनी प्रथमच पाहिले. हा अनुभव आपल्या धर्मांतराच्या वाटेवरील निर्णायक टप्पा असल्याचे त्यांनी पुढे स्वतः नमूद केले आहे. बटलर यांच्या मूळ आराखड्यात नसलेले ते काम अशा रीतीने एका मराठी स्त्रीच्या मनात रुजले.

उपकार आणि स्वातंत्र्य

येथून पुढे कथेला वळण मिळते. रमाबाईंची आध्यात्मिक देखभाल सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. पत्रांतून त्यांना 'आजीबाई' असे मराठी संबोधन आढळते. नाते खरोखरच मायेचे होते. परंतु जेराल्डीन यांची अपेक्षा होती की नव्या ख्रिस्ती स्त्रीने चर्चची शिकवण आणि वडीलधाऱ्यांचा निर्णय मान्य करावा. रमाबाईंना ते मान्य नव्हते. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी प्रश्न उपस्थित केले. क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्याऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असे विचारले. आपल्या देशबांधवांना लॅटिन काय कळणार, हा त्यांचा रोकडा सवाल. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारून दिल्यावर दुसरे तसेच जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले.

चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, हा वाद याचेच एक रूप. भारतातील बिशपांनी त्यास विरोध केला. भारतात परतल्यावर अशा गोष्टीने रमाबाईंच्या कार्याला बाध येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. रमाबाईंना याचे आश्चर्य वाटले. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, समाजाचा रोष पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले होते. त्यांनी वा पतीने कधी अशी आडकाठी केली नाही, ती येथे का, असा त्यांचा प्रश्न होता. उदार म्हणविणाऱ्या देशात आणि उपकारकर्त्या संस्थेत आपल्या वतीने इतर लोक निर्णय घेत आहेत, ही खंत या पत्रव्यवहारातून जागोजागी जाणवते.

जेराल्डीन यांना खलनायिका ठरविणे अन्यायाचे होईल. आपल्या जबाबदारीतील व्यक्ती भरकटू नये, ही त्यांची कळकळ प्रामाणिक होती. पण सेवेतील दुसरा आणि अधिक अवघड पेच येथेच आहे. देणारा प्रेमाने देतो आणि प्रेमापोटीच घेणाऱ्याने कसे जगावे हेही ठरवू लागतो.

तोच प्रश्न, उलट दिशेने

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तेथे १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यासाठी संस्था स्थापन झाली आणि तिच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे तत्त्व होते आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार होते.

येथे रमाबाई देणाऱ्याच्या आसनावर होत्या. त्या आपली प्रार्थना उघड्या दाराने करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. हे मुलींचे स्वातंत्र्य की त्यांच्यावरील प्रभाव? 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ साली सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुलींना सदनातून काढून नेले. कोणाला येण्यापासून आपण रोखणार नाही, ही रमाबाईंची भूमिका सद्‌सद्विवेकाच्या स्वातंत्र्याची होती. जी मुलगी अन्नवस्त्रासाठी पूर्णतः एखाद्यावर अवलंबून आहे, तिची निवड कितपत मोकळी, हा टीकाकारांचा प्रश्नही निराधार नव्हता. वाँटेजमध्ये जो प्रश्न रमाबाईंनी विचारला, तोच पुण्यात त्यांना विचारला गेला. सत्ता हाती आली की परोपकारी मनुष्यालाही त्याचे उत्तर नव्याने शोधावे लागते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे 'मुक्ती' उभी राहिली. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. आश्रमाचे बळ दोन हजारांच्या घरात पोचले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी निराळे 'कृपा सदन' काढले. फुलहममध्ये पाहिलेले काम दौंड तालुक्यात मराठी रूप घेऊन अवतरले, पण वाँटेजची शाखा म्हणून नव्हे. मुक्ती स्वतंत्र होती. तिची उपासना, भाषा, कारभार रमाबाईंच्या पद्धतीचा होता. संबंध मात्र तुटले नाहीत. मनोरमेचे काही शिक्षण वाँटेजच्याच सिस्टरांकडे झाले.

काय उरते?

संस्था जन्मतात, तशा त्या मावळतातही. १९७० साली उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले आणि पंचहौदचे देवालय त्याच्या छत्राखाली आले. १९७२ साली वाँटेजच्या सिस्टरांनी कॅथलिक भगिनींसह पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम पुन्हा सुरू केला. भारतीय आश्रमपद्धतीने राहणारे, भिन्न पंथांचे आणि धर्मांचे लोक जेथे एकत्र बसतात, असे ते ठिकाण झाले. क्रुसावरील संस्कृत अक्षरांचा आग्रह एके काळी खटकला होता. त्याच संघाच्या वारसदारांनी शतकभरानंतर भारतीय उपासनापद्धती आपणहून जवळ केली. काउली फादरांचा इंग्लंडमधील संघ २०१२ साली विसर्जित झाला. २०१३ च्या आरंभी वाँटेजच्या अकरा सिस्टर रोमन कॅथलिक चर्चमध्ये गेल्या आणि आधीच लहान झालेला संघ आणखी आक्रसला.

मग यशाचे माप कोणते? किती शाळा चालविल्या, किती बाप्तिस्मे झाले, किती वर्गणी जमली, असे ताळेबंद अहवालांतून भरपूर सापडतात. परंतु वाँटेजचे महाराष्ट्रातील सर्वात टिकाऊ कार्य त्याने चालविलेल्या कोणत्याही संस्थेत नसून, त्याच्या आज्ञेबाहेर गेलेल्या एका स्त्रीने उभारलेल्या केडगावात आहे. मुक्ती मिशन आजही चालू आहे. दान ज्याच्या हाती पडले, त्याने ते आपल्या बुद्धीने वापरले आणि प्रसंगी दात्याशी वादही घातला, म्हणून ते टिकले.

या वादाची साक्षही दात्यांनीच राखून ठेवली. रमाबाईंची पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनी स्वतः जुळवून संकलित केली. त्यांच्या स्वतःच्या मतांना छेद देणारी पत्रेही त्यांत आहेत. १९७७ साली, म्हणजे वाँटेजच्या सिस्टर पुण्यात आल्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, अ. भि. शहा यांच्या संपादनाने महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. मिशनच्या छापील पत्रांतून ज्यांचा आवाज सहसा ऐकू येत नसे, त्यांपैकी एकीचा आवाज तेथे आजही स्वच्छ ऐकू येतो. परदेशातील गरिबांसाठी पेटी फिरविणाऱ्या कोणत्याही संस्थेने, मग ती चर्चची असो वा अन्य कोणाची, तो ऐकून मगच पेटी पुढे सरकवावी.